क्रीम रंगाच्या सीटा

आमची गाडी सेकंडहँड, आणि आतल्या सीटा क्रीम रंगाच्या. काळ्या सीटांवर आधीच्या मालकाचा मागमूस राहत नाही. या सीटांवर मात्र त्याचं अख्खं घर नांदत होतं. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड, जिला घासूनच माणूस आत शिरतो आणि बाहेर पडतो, ती तुळतुळीत होऊन भेगाळलेली. बसायच्या जागी निळसर झाक, म्हणजे नव्या जीन्सची हौस. डोकं टेकतं तिथे केसांच्या तेलाचा तपकिरी गोल. सीटच्या पाठीवर कुणा चिमुरड्याने बॉलपेनने काढलेला मासा, शिवणींत बिस्किटांचा चुरा, मागे मिसळीची किंवा पावभाजीची हळद. आर्मरेस्टचा रंग तर मऊ पडून सुरकुतलेला. २०२० नंतर ज्यांनी ज्यांनी सॅनिटायझरचे ओले हात तसेच गाडीत टेकवले, त्यांच्याकडे हे हमखास दिसेल. अल्कोहोलने हा रंगाचा थर सैल होतो.

सल्ले सगळ्यांकडे होते. शेजारच्या काकूंनी खायचा सोडा सांगितला, ऑफिसातल्या एकाने टूथपेस्ट. वॉशिंग सेंटरवरचा मुलगा कुठलंसं चकाकणारं पॉलिश फासायला निघाला होता, त्याला थांबवलं. कोल्हापूरहून आण्णांचा फोन आला, “एरंडेल पाज की त्याला जरा. चामडंच हाय ते.”

आण्णांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे. त्यांचं आयुष्य कोल्हापुरी चपलेत गेलं. ते चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवून कमावलेलं असतं, वर रंगाचा जाड लेप नसतो. तेल लावलं की ते पितं आणि पावलाच्या आकाराला येतं. गाडीच्या सीटचं लेदर तसं नाही, हे मला नाना पेठेत सीट कव्हरचं काम करणाऱ्या एका चाचांनी दाखवलं. त्यांनी गठ्ठ्यातला एक तुकडा काढला, ब्लेडने कापला आणि कड माझ्यापुढे धरली. खाली राखाडी-निळसर तंतूंचा थर, एक-सव्वा मिलिमीटर जाडीचा. ती निळसर छटा क्रोमियमच्या क्षारांची; हल्ली क्रोमियमशिवायही चामडं कमावतात, पण अजून चलन याचंच जास्त. आणि त्याच्यावर, केसाच्या जाडीइतकासुद्धा असेल-नसेल असा, क्रीम रंगाचा पापुद्रा.

“मॅडम, तुम्ही बसता ते या रंगावर. चामड्याला तुमचा हातच लागत नाही.”

मग त्यांनी सीटवर पाण्याचा थेंब टाकला. तो टपोरा होऊन तसाच बसून राहिला. थेंब जिरला असता तर चामडं उघडं आहे असं समजायचं. सीटच्या चामड्याला जे तेल लागतं ते टॅनरीत, पिंपात घोळवतानाच दिलेलं असतं, वर रंग चढायच्या आधी. नंतर आपण एरंडेल लावलं तर ते पापुद्र्यावर बसतं, धूळ धरतं आणि दुसऱ्याच्या शर्टाला लागतं. सोडाही चालत नाही. चामडं मुळात किंचित आम्लधर्मी, सोडा आणि कपड्यांचा साबण त्याच्या उलट स्वभावाचे. टूथपेस्ट आणि तो जादूचा म्हणून विकतात तो पांढरा स्पंज, दोघेही बारीक घासकाम करतात. डाग जातो, कारण डागाखालचा रंग गेलेला असतो.

म्हणजे जपायचं आहे ते चामडं नव्हे, वरचा रंग. एवढं कळलं आणि कामाची पद्धत आपोआप ठरली.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये, सावलीत, चारही दारं उघडी टाकून बसले. आधी व्हॅक्यूम, शिवणी बोटांनी फाकवून. हे टाळलं तर वाळूचे कण ओल्या फडक्याखाली घासले जातात. मग लेदरसाठी मिळणारा न्यूट्रल क्लीनर, तोही मऊ ब्रशवर. थेट सीटवर नाही, कारण आमच्या सीटांना मधोमध बारीक भोकं आहेत. त्यातून उतरलेलं पाणी खालच्या फोममध्ये राहतं आणि आठवडाभर वास देतं. तळहाताएवढी जागा घ्यायची, हलक्या हाताने गोल फिरवायचं, फेस मळकट झाला की तो वाळायच्या आत ओलसर मायक्रोफायबरने उचलायचा. फडकं चहाच्या रंगाचं झालं. शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाने थांबून ते पाहिलं आणि आपापल्या गाडीत किती असेल याचा अंदाज बांधला. सीटांची चमक उतरली, आणि तेच हवं होतं: ही सीट नवी असताना मॅट असते, तिची चकाकी म्हणजे घाम आणि तेल.

जीन्सच्या निळ्यात मात्र गंमत होती. नीळ सुताला नीट धरून नसते, धाग्याच्या वरवर बसते, म्हणून नवी जीन्स जिथे तिथे रंग सोडते. बसायच्या जागेवरचा निळा बराचसा निघाला. बाजूचा अडून बसला, कारण बाजूची पट्टी लेदर नव्हतीच, लेदरेट होती. अनेक गाड्यांत अंगाला लागतो तेवढाच भाग खऱ्या चामड्याचा असतो. प्लास्टिकला मऊ ठेवणारी जी द्रव्यं त्यात असतात, त्यांच्यामुळे रंग आत खोलवर मुरतो. तो आता तिथेच राहील. हळदीला मी हातच लावला नाही. हळदीतला पिवळा रंग उजेडात टिकत नाही, हे दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. काही सकाळी मागची काच उतरवून गाडी कोवळ्या उन्हात उभी केली, डाग फिकटत गेला.

बॉलपेनचा मासा आणि भेगाळलेली कड चाचांकडे गेली. शाई काढणारं जे द्रावण, तेच रंगही काढणार, म्हणून माशावर ते रंगच चढवणार होते. ते काम पाहायला मी मुद्दाम थांबले. भेगांची टोकं बारीक पॉलिश पेपरने सपाट केली, पातळ फिलर भरला. मग रंग कालवायला बसले: पांढऱ्यात पिवळा, काळ्याची टोचणी, आणि लालची अगदी सुईच्या टोकाएवढी. प्रत्येक वेळी बोटाने सीटखालच्या न दिसणाऱ्या जागी ठिपका, हेअर ड्रायरने वाळवणं, आणि गाडी दुकानाबाहेर उजेडात. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर हिरवट दिसतो, म्हणाले. शिवाय कारखान्यातला मूळ क्रीम त्यांनी धरलाच नाही; उन्हाने पिवळसर झालेल्या आजच्या सीटला जुळवला. शेवटी मॅट थराचे दोन हात. या कामाला किती द्यायचे यावर माझी घासाघीस करायची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून फारसं काही लागत नाही. दर थोड्या दिवसांनी ओलसर फडकं आणि कोरडं फडकं. पावसाळ्यात ओले रेनकोट डिकीत, आणि गाडी बंद करण्याआधी थोडा वेळ एसी, नाहीतर सीटबेल्टवर आणि सीटच्या खालच्या अंगाला पांढरी बुरशी येते. बाजारातल्या महाग कंडिशनरांबद्दल माझं मत आण्णांच्या एरंडेलाहून फारसं वेगळं नाही. जीन्सचा रंग बसू नये म्हणून वरून लावायचा संरक्षक थर तेवढा कामाचा वाटला.

मध्यंतरी आण्णा पुण्याला आले. सीट खराब होऊ नये म्हणून येताना नवीकोरी लाल चादर घेऊन आले होते. ती पसरायला लागले तसं मी म्हटलं, “आण्णा, तुम्ही तसेच बसा. हिचाच रंग लागेल.”

“कुठला रंग लागतोय? पक्का हाय,” म्हणत त्यांनी बाटलीतल्या पाण्याने पांढरा रुमाल ओला केला आणि चादरीच्या कोपऱ्यावर चांगला रगडला. रुमाल गुलाबी झाला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, चादरवाल्याला कोल्हापुरी भाषेत एक शब्द वाहिला आणि चादर डिकीत टाकायला सांगितली.