पत्र्याखालचं स्टिरिओ

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका बंद यंत्रमागाच्या शेडमध्ये लाइव्ह लूपिंगचा साउंड लावायला गेलो, तेव्हा पत्र्याचा धसका होता. टाळी वाजवली की आवाज वर चढून पुन्हा अंगावर यायचा.

लूपिंगमध्ये कलाकार एकटाच असतो. तोंडाने ठेका धरायचा, पायाने पेडल दाबायचं. ठेका फिरत राहतो, त्यावर गिटार, त्यावर गळा. 1960 च्या दशकात टेरी रायली दोन टेपरेकॉर्डरमधून एकच टेप फिरवून असे थर चढवायचा. आता ते पायाखालच्या डब्यात मावतं. डबा स्टिरिओ असला की एक थर डावीकडे, एक उजवीकडे ठेवता येतो. एकदा डब्यात शिरलेला थर मात्र मिक्सरवरून सुटा करून हलवता येत नाही.

तालमीत चौथ्या थरालाच डावं-उजवं संपलं, नुसता लगदा उरला. डब्यात दोष नव्हता. उजवीकडचा गळा भरताना डावीकडच्या स्पीकरमधला ठेकाही माइकमध्ये शिरत होता, आणि त्याच्या मागोमाग पत्र्याचा घुमारा. साध्या मैफिलीत ही गळती कानाआड करता येते. इथे ती प्रत्येक थरासोबत रेकॉर्ड होते आणि फेरीफेरीला परत येते. अर्थिंग नीट नसेल तर 50 हर्ट्झची गुणगुणही तशीच साठते.

मग स्पीकर कलाकाराच्या दोन मीटर पुढे नेले, मॉनिटर बंद करून त्याला हेडफोन दिला, माइकची पाठ स्पीकरकडे केली. राहिला पत्रा. शेडमालकांनी सेकंडच्या टेरी टॉवेलचे गठ्ठे काढून दिले. टेरीच्या अंगावर धाग्याचे फासेच असतात, म्हणजे तेही लूपच! कलाकाराच्या मागे, भिंतीपासून वीतभर सोडून, दुहेरी टांगले. वरच्या पट्टीतला चरचराट गेला. खालचा घुमारा टॉवेलला जुमानत नाही, तो इक्वलायझरवर छाटला.

बसायची जागा दहा मीटर रुंद. आवाजाला मीटरभर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. डाव्या स्पीकरपासून दीड मीटरवर बसलेल्याला उजवा नऊ मीटरवर, म्हणजे बावीस मिलिसेकंद उशिरा आणि बराच बारीक. त्याच्यापुरतं सगळं डावीकडूनच येतं. म्हणून पॅनची बटणं टोकाला न नेता घड्याळातल्या दहा आणि दोनवर ठेवली. ठेका आणि खर्ज मधोमध. शेवटी मोनो करून ऐकलं, तर गिटारचा कोरस निम्मा गायब! तो इफेक्ट काढला. कलाकार थोडा नाराज झाला, पण काठाला बसलेल्याच्या वाट्याला काहीच येऊ नये, हे मला पटत नाही.

मागावर हयात घालवलेले एक काका मागे उभे होते. म्हणाले, "धोटा कुठल्या अंगाला हाय, ते आमाला न बघता कळायचं की ओ." त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं आणि उजवीकडचा एकच थर सोडला. त्यांनी मान न वळवता उजवा हात वर केला.