सुरतेच्या बाजारात सुई-दोरा निवडताना

नंदुरबारहून सुरतेकडे जाणारी गाडी नवापूरला थांबते. या स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध राज्याची सीमा जाते, त्यामुळे लोक मुद्दाम उतरून तिथे फोटो काढतात. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. आम्ही दोघी जावा मात्र जागेवरून हललो नाही. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत दुसऱ्याचं कापड होतं.

घरी आमचं एका हेडचं कॉम्प्युटर भरतकाम मशीन आहे. त्याचा हप्ता अजून चालू आहे. आतापर्यंत बहुतेक कामं अबायाच्या बाह्यांची आणि मुलांच्या कुर्त्यांच्या गळ्यांची होती. या वेळी एका निकाहचे नऊ दुपट्टे आले, पांढऱ्या नेटवर सोनेरी बुट्टी. नेट मुलीच्या मामूंनी सौदीहून आणलेलं, म्हणजे एक दुपट्टा खराब झाला तर तसा दुसरा मिळणार नाही. कडेच्या कात्रणावर चालवून पाहिलं, तर गावात मिळालेला जरीचा दोरा दर दोन-तीन मिनिटांनी तुटत होता आणि सुईच्या जागी नेटला भोक पडत होतं. म्हणून नेटचं कात्रण, मशीनमधून काढलेली सुई आणि तो तुटका दोरा अशा तिन्ही वस्तू घेऊन आम्ही निघालो. मशीनचं सामान घ्यायला जाणाऱ्या प्रत्येक भगिनीने या तीन गोष्टी सोबत न्याव्यात. दुकानात तोंडी वर्णन करून काही उपयोग होत नाही.

सुरत म्हटलं की आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी हज आठवतो. मुघल काळात हिंदुस्थानातल्या हाजींची जहाजं याच बंदरातून निघत. शाहजहानच्या काळात, 1644 मध्ये बांधलेली मुघलसराय अजून उभी आहे. जहाजाची वाट पाहणारे हाजी इथे मुक्काम करत. आज तिथे सुरत महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय आहे. हाजी जिथे बिछाना पसरत, तिथे आता लोक कर भरायला येतात. आम्ही बाहेरूनच पाहिलं, कारण परतीची गाडी संध्याकाळची होती.

जुन्या शहरातल्या एका अरुंद गल्लीत सुई-दोऱ्याचं दुकान सापडलं. दुकानदार चाचा वयस्कर होते. त्यांनी आधी जुनी सुई मागितली आणि नखावर तिचं टोक फिरवलं. नखावर चरा उठला. "हिचं टोक वाकलंय, बेटी. ही कापड टोचत नाही, फाडते." सुई डोळ्यांना सरळ दिसते म्हणून ती चांगली असते असं नाही. सलग काम असेल, तर साधारण आठ तास चालल्यावर ती बदलावी, असं ते म्हणाले. नऊ दुपट्ट्यांपुढे एका सुईची किंमत ती काय?

मग त्यांनी सुईची जात समजावली. घरच्या शिलाई मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, त्यामुळे ती उलटी बसतच नाही. आमच्या मशीनची सुई डीबी-के-फाइव्ह जातीची, तिचा दांडा गोल. ती कशीही बसते, म्हणून बसवताना पाहावं लागतं. लांब खाच समोर हवी, कारण दोरा त्या खाचेतून लपून खाली जातो आणि कापडाला घासत नाही. या जातीचं नेढं त्याच नंबरच्या साध्या कारखानी सुईपेक्षा मोठं असतं. भरतकामात एकच दोरा नेढ्यातून पुन्हा पुन्हा वरखाली होतो. नेढं अरुंद असेल, तर तो तिथेच झिजतो.

नंबर दोन छापलेले असतात, उदाहरणार्थ 75/11. पंचाहत्तर म्हणजे सुईची जाडी पाऊण मिलिमीटर. अकरा हा त्याच मापाचा जुना नंबर. जाड कापडाला 90/14, नेहमीच्या कामाला 75/11, अगदी झिरझिरीत कापडाला 65/9. जर्सीसारख्या विणीच्या कापडाला गोल टोकाची सुई, म्हणजे ती धागा न तोडता बाजूला सारते. दोऱ्याचा हिशेब मात्र उलटा. चाळीस नंबरपेक्षा साठ नंबरचा दोरा बारीक. आणि डेनियर लिहिलेलं असेल, तर मोठा आकडा म्हणजे जाड! हा घोळ कोणी घातला कोण जाणे.

चाचांनी दोरा सुईत ओवला, दोन्ही टोकं ताणून तिरकी धरली आणि सुई सोडली. ती आपल्या वजनाने सुळकन खाली घसरली, तर जोडी जमली. अडकली, तर एक नंबर मोठी सुई घ्या किंवा दोरा बदला. आमची सुई आमच्या दोऱ्यावर मध्येच लटकून राहिली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

रेयॉन आणि पॉलिस्टरचा फरक त्यांनी काडी पेटवून दाखवला. रेयॉन कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. रेयॉनची चमक मऊ आणि देखणी, पण ओला झाला की कमजोर पडतो. अबाया दर आठवड्याला धुतला जातो, तेव्हा त्यावर आम्ही आता पॉलिस्टरच वापरणार.

खरा प्रश्न जरीचा होता. मुलीच्या अम्मींनी "सुरतेची असली जरी" सांगितली होती. असली म्हणजे चांदीची चपटी तार रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली आणि वर सोन्याचा मुलामा. नकली जरीत आत तांबं असतं, खरवडलं की लालसर दिसतं. तिसरी प्लास्टिकची, म्हणजे पॉलिस्टरच्या चकचकीत पट्टीची. चाचा म्हणाले, नेटवर मशीन चालवायचं तर खाली पाण्यात विरघळणारी फिल्म लावावी लागते, नाहीतर टाक्याला आधार मिळत नाही. ती काढायला दुपट्टा भिजवावा लागणार. तांब्याची जरी ओलाव्याने आणि घामाने काळी पडते. असली जरी विणकामाची आणि हाताच्या भरतकामाची, मशीनच्या वेगात तिची तार उसवते. मशीनसाठी तिसरीच घ्या, पण गिऱ्हाईकाला नाव बरोबर सांगा. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

बारीक पट्टीची जरी, 75 नंबरच्या नव्या सुया, फिल्म आणि बॉबिनसाठी पातळ पांढरा दोरा घेऊन आम्ही परतलो. वेग मिनिटाला पाचशे टाक्यांवर आणला, वरचं टेन्शन सैल केलं. जरीचं रीळ आडवं बसवलं, म्हणजे पट्टी पीळ न पडता उलगडते. कात्रण उलटं करून पाहिलं, तर बुट्टीच्या मधोमध पांढऱ्या दोऱ्याची एक तृतीयांश रेघ होती. ताण बरोबर असल्याची हीच खूण. पूर्ण बुट्टीत दोरा एकदाही तुटला नाही, अलहम्दुलिल्लाह. तरीही कापडाला हात लावण्याआधी ते कात्रण घेऊन आम्ही मुलीच्या अम्मींकडे गेलो आणि सांगितलं, ही असली जरी नाही, प्लास्टिकची आहे, आणि दर त्याप्रमाणे कमी लावू.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. काम दुसरीकडे जाणार असं आम्हाला वाटलं. मग त्यांनी विचारलं, "धुता येईल ना?" थंड पाण्यात, न पिळता, इस्त्री उलट्या बाजूने, असं सांगितलं. आठ दुपट्टे त्यांनी आमच्याकडे दिले. नववा दुल्हनचा, तो त्यांनी परत ठेवून घेतला. त्याच्यावर असली जरीच हवी, हातानेच भरलेली. त्यासाठी आम्ही आता कारागीर शोधतो आहोत.