जात्याची घरघर

अब्बांना ऐकू कमी येतंय हे आम्हा घरच्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. जिल्हा परिषदेच्या शाळांत बत्तीस वर्षं काढलेला माणूस. बोलायची सवय त्यांना, ऐकायचं काम दुसऱ्यांचं. समोरच्याचं कळलं नाही की "हौ, हौ" म्हणून मान हलवायचे. लातूरच्या कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. उतारवयात आधी बारीक, उंच स्वर जातात. स, श, फ, त ही अक्षरं विरून जातात. जाड, खालचा आवाज पुष्कळ दिवस टिकतो. "ओरडून बोलू नका, स्पष्ट बोला," असं त्यांनी मला बजावलं. कानातलं यंत्रही घेतलं. ते बहुतेक वेळ कपाटात अत्तराच्या बाटल्यांशेजारी पडून असे.

एका ठिकाणी मात्र अब्बांना यंत्राशिवाय ऐकू यायचं. माझ्या गाडीत.

माझी नोकरी नांदेडला, घर लातूरला. २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या सोहळ्यासाठी नांदेडचे रस्ते रुंद होत होते, तेव्हा मी एका डॉक्टरांची वापरलेली गाडी घेतली. एमएच-२६ पासिंग, परदेशी बनावटीची, पेट्रोल पिणारी. मित्र म्हणाले, मास्तराच्या पोरानं दारात हत्ती बांधला. ते खरंच होतं. पण त्या गाडीतली टेप मी एकदा ऐकली आणि भाव करायचं विसरलो. चार दारांत चार स्पीकर, मागच्या फळीवर दोन. डिकीत उजव्या पत्र्यामागे एक काळी पेटीही होती. ती कसली हे कळायला मला आठ वर्षं लागली.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर करत लातूर. तेव्हाच्या रस्त्यानं तीन तास सहज लागत. अब्बा कधी माझ्याबरोबर नांदेडला येत, आठ-पंधरा दिवस राहून परत जात. मांडीवर बिस्किटांचा डबा, त्यात कॅसेटी. कव्वाल्या, नाट्यगीतं, आणि वर काही न लिहिलेली एक नव्वद मिनिटांची कॅसेट.

तिच्यात दादी होती. १९८९च्या उन्हाळ्यात चाचा जेद्दाहून टू-इन-वन घेऊन आले. त्या काळी आखातातून परतलेल्या प्रत्येकाच्या खांद्यावर तो असायचाच. औसा तालुक्यातल्या आमच्या गावी पहाटे दादी दळायला बसली, तेव्हा चाचांनी तो गुपचूप उंबऱ्याशी ठेवून बटण दाबलं. दादीच्या ओव्या अर्ध्या दखनीत, अर्ध्या मराठीत. शेजारच्या बायका विठोबाला हाक मारत, दादी पीर-पैगंबरांना. चाल एकच, आणि जातंही पुष्कळदा एकच. विजापूरच्या सुफींनी जात्यावर म्हणायचे चक्कीनामे रचले होते, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. दादीला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा दादी लातूरला आमच्याकडे होती, म्हणून वाचली. गावातलं घर बसलं. जातं त्या दगडमातीखाली गेलं ते गेलंच. त्यानंतर दळण गिरणीतून येऊ लागलं आणि दादीनं ओवी म्हटलेली मला आठवत नाही. ती १९९८ साली गेली.

२०१६च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं त्या दिवसांत, गाडीतल्या टेपनं ती कॅसेट गिळली. आतला रबरी पट्टा उन्हानं डांबरासारखा झाला होता. फीत चिमट्यानं सोडवली, पेन्सिलीनं गुंडाळली. भाच्यानं घरच्या जुन्या टेपवरून दोन्ही बाजू लॅपटॉपमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर घालून दिल्या. राहिला प्रश्न गाडीचा.

लातूरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, सगळं काढून टाका. स्पीकर, पेटी, सगळं. नवीन सेट, नवे स्पीकर, सीटखाली वूफर. खर्च ऐकून मी म्हणालो, फक्त समोरची टेप बदला. मापाची अडचण नव्हती. गाड्यांच्या टेपचं तोंड जर्मन मापानं ठरलेलं असतं, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच, त्याला 'डिन' म्हणतात. अडचण मागे होती. कामावरच्या पोरानं वायरी जोडल्या तर आवाजच नाही. मग त्यानं कुठली तरी एक वायर कुठं तरी लावली आणि आवाज आला. कर्कश होता. पाचच्या वर नेला की फाटायचा, इंजिनाबरोबर एक बारीक शिटी वाजायची. "नवीन आहे, मोकळा होईल," पोरगं म्हणालं. स्पीकर काय चपला आहेत मोकळे व्हायला? पण मी पैसे देऊन निघालो. मनात आलेलं लिहायला आज लाज वाटते: अब्बांना तसंही नीट ऐकू येत नाही, त्यांना काय फरक पडणार.

पुढच्या शनिवारी अब्बा गाडीत बसले. मी दादीची फाईल लावली. चाकूरपर्यंत ते काही बोलले नाहीत. मी विचारलं, "आवाज ठीक है ना, अब्बा?"

"हौ, हौ. अच्छा है."

त्यानंतर त्यांचं नांदेडला येणं कमी झालं. गुडघे दुखतात म्हणाले. मग ऊन सोसत नाही म्हणाले. मग पावसाळा आला. आम्ही वयाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो.

मी मिस्त्रीकडे गेलो तो अब्बांसाठी नाही, बॅटरीसाठी. दोन दिवस गाडी उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सुरू होत नव्हती. बॅटरीवाल्यानं नवी बॅटरी विकली, तीही महिनाभरात बसली. तेव्हा कुणीतरी देगलूर नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव सांगितलं. आयुष्यभर रेडिओ आणि भोंग्यांची मशिनं दुरुस्त केलेला माणूस. उरुसाची असोत, माळेगावच्या जत्रेची असोत. गाड्यांची कामं तो नाइलाजानं करायचा. त्यानं आधी डिकी उघडली, पत्रा काढला आणि काळ्या पेटीवर हात ठेवला. गाडी दोन दिवसांची बंद, पेटी कोमट होती.

"ये रात-दिन जागरी," तो म्हणाला. "बॅटरी कहां से रहेगी?"

मग त्यानं मला समजावून सांगितलं. मी विद्यार्थ्यासारखा स्टुलावर बसलो. अशा गाडीत समोरची टेप स्पीकरला ताकद देतच नाही. ती नुसता बारीक सिग्नल पाठवते. ताकद डिकीतला अ‍ॅम्प्लिफायर देतो. त्याला कधी जागं व्हायचं हे सांगायला टेपमधून एक वेगळी वायर येते, नव्या सेटला ती निळी-पांढरी असते. टेप चालू झाली की तिच्यात बारा व्होल्ट, बंद केली की शून्य. लातूरच्या पोरानं ती सोडूनच दिली होती आणि अ‍ॅम्प्लिफायरची जागं करायची वायर पिवळीला, म्हणजे कायम बॅटरीवर असणाऱ्या वायरीला बांधली होती. आवाज फाटायचं कारण निराळं. नव्या सेटमध्ये स्वतःचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्यातून वाढून आलेला आवाज पोरानं दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडात घातला. "जेवलेल्याला परत जेवायला घातलं," मिस्त्री मराठीत म्हणाला.

खोक्यावर ५० वॉट गुणिले ४ असं छापलं होतं. मिस्त्रीनं सेटचा फ्यूज काढून दाखवला: १० अँपिअर. गाडी चालू असताना फार तर १४ व्होल्ट. म्हणजे आत येणारच १४० वॉट, मग बाहेर २०० कुठून जाणार? आमच्या शाळेत विज्ञान असं कुणी शिकवलं नाही. मी विचारलं, पेटी काढून स्पीकर थेट नव्या सेटला जोडले तर? त्यानं एका स्पीकरला मीटर लावला. काटा दोन ओहमच्याही खाली. नव्या सेटला चारचा स्पीकर लागतो. असले जोडले तर त्याची आयसी तापून जाईल. कंपनीनं पेटी आणि स्पीकर एकमेकांसाठी केलेत, त्यांची ताटातूट करू नका, असा त्याचा निकाल.

नव्या सेटच्या मागे आरसीएची भोकं होती, बारीक सिग्नलची. तिथून त्यानं अ‍ॅम्प्लिफायरला वायर नेली, बॅटरीच्या जाड वायरीपासून लांब, दुसऱ्या बाजूनं. निळी-पांढरी जिथं हवी तिथं गेली. शिटी तरीही थोडी राहिली. दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे ती येते म्हणे. मध्ये काड्यापेटीएवढी एक डबी बसवली, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर; सिग्नल जातो, पण वायरीला वायर लागत नाही. शिटी गेली. दिवस मावळला होता. मजुरी त्यानं इतकी कमी सांगितली की मला लातूरचे पैसे आठवले.

पुढच्या आठवड्यात अब्बांना दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून ते गाडीत बसले. मी काही न सांगता पेनड्राइव्ह लावला. औसा रोडच्या गर्दीत आम्ही थांबत थांबत चाललो होतो. अब्बा खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळानं त्यांचा उजवा हात गुडघ्यावर गोल फिरायला लागला.

"चक्की सुनाई देरी," ते म्हणाले.

मीही तेव्हाच ऐकली. ओवीच्या खालून जात्याची घरघर चालली होती, जाड, सलग. खुंटा फिरताना मध्येच जरा अडखळणारी. फाटलेल्या आवाजात तीच आधी गेली होती.

"इत्ते दिन अम्मा अकेलीच चिल्लारी थी," अब्बा म्हणाले.

"फिर बोले कायकू नहीं?"

"तू पैसे डाला था ना बेटा."

दवाखाना आला. ते उतरले नाहीत. नंबर हुकला, आम्ही ती बाजू संपेपर्यंत तिथंच बसलो. त्या पावसाळ्यानंतर ते पुन्हा नांदेडला येऊ लागले, गुडघ्यांसकट.

अब्बा २०१९ साली गेले. गाडी मी २०२२मध्ये उदगीरच्या एका तरुणाला विकली. पेनड्राइव्ह काढून घेतला, सेट तसाच राहू दिला. महिन्याभरानं त्याचा फोन आला. "सर, डिकीत पत्र्यामागे एक काळी पेटी आहे. दुकानदार म्हणतो जुनी आहे, काढून टाकू. काढू का?"

मी त्याला नको म्हणालो. मग निळ्या-पांढऱ्या वायरीपासून सुरुवात केली. तो मुलगा बराच वेळ ऐकत होता.