ट्रिनिटीच्या आवारातून गेलेले

न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी, ब्रॉडवेला लागून ट्रिनिटी चर्चचे आवार आहे. तिथून काय काय गेले, काय जात आहे, त्याची ही टिपणे.

अक्षरे. जुन्या शिळा तपकिरी वालुकाश्माच्या. फटीतून पाणी झिरपते, थंडीत गोठून फुगते आणि भिंतीचा पोपडा निघावा तसा दगडाचा थर निघतो. थराबरोबर नाव जाते, साल जाते. पाच वर्षांचा होऊन वारलेल्या रिचर्ड चर्चरची १६८१ची शिळा मात्र अजून उभी आहे. मागच्या बाजूला पंखांचे वाळूचे घड्याळ आणि कवटी कोरलेली.

मनोरा. १८४६ सालचा, २८१ फूट. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना तो लांबून दिसे. आता रस्त्यावरूनही मान वर करून शोधावा लागतो.

शार्लट टेंपल. ही कादंबरीतली मुलगी. तिच्या नावाच्या शिळेवर वाचक पिढ्यानपिढ्या फुले वाहत आले. २००८ साली शिळा उचलून पाहिली, तर खाली दफनाची खोली नव्हतीच.

आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला जनरल होरेशिओ गेट्स याची कबर. मला खरी हळहळ हिची वाटते. १७ ऑक्टोबर १७७७ला साराटोगा इथे बर्गॉइनच्या ब्रिटिश सैन्याने गेट्ससमोर शस्त्रे ठेवली, आणि त्या बातमीनंतर काही महिन्यांतच फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूने आला. आघाडीवर त्याच्या हाताखालचे अर्नल्ड आणि मॉर्गन होते हे खरे. पण मोक्याची उंच जागा धरून, घाई न करता शत्रूची रसद संपू देण्याचा संयम गेट्सचा होता. तो संयम पुढे कुणाच्या लक्षात राहिला नाही. लक्षात राहिले कॅमडन, १६ ऑगस्ट १७८०. तिथल्या लढाईत गेट्सची फौज उधळली आणि सेनापती घोड्यावरून थेट उत्तर कॅरोलायनात पोहोचला. अलेक्झांडर हॅमिल्टनने पत्रातून त्याच्या या दौडीची टर उडवली. त्याच शरद ऋतूत गेट्सचा एकुलता एक मुलगा गेला, हे त्या टिंगलीच्या शेजारी ठेवून वाचायला हवे.

हॅमिल्टनही याच आवारात आहे, १८०४पासून. साराटोगानंतर वॉशिंग्टनने गेट्सकडे जादा पलटणी मागायला पाठवला तो हाच तरुण अधिकारी. त्याचे पांढरे स्मारक लांबून ओळखू येते. लोक त्यावर नाणी आणि फुले ठेवतात. गेट्स १० एप्रिल १८०६ला वारला, इथेच पुरला गेला, आणि नेमका कुठे, हे हरवले.

कॅमडनला गेट्सला हरवणारा ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. १७९२च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत मराठी सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्याच बाजूला होते. ऑक्टोबर १८०५मध्ये तो गाझीपूरला वारला, गेट्सच्या सहा महिने आधी. गंगेकाठी त्याची घुमटाची कबर सरकारी देखरेखीखाली आहे.

गेट्सच्या नावाची एक शिळा अलीकडे ट्रिनिटीच्या आवारात बसवली आहे. बरे झाले. ती आठवणीची शिळा आहे, जागेची खूण नव्हे. मॅनहॅटनमध्ये म्हातारपणी तो ज्या रोझ हिलच्या शेतीवाडीत राहिला, ती केव्हाच रस्त्यांखाली गेली. नाव तेवढे त्या वस्तीला उरले आहे.