आवाज नेमका कुठे फाटतो?

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी संगीताचा कार्यक्रम रंगात आलेला असतो. आजीबाई 'रेशमाच्या रेघांनी'ची फर्माईश करतात. ही 1964 च्या 'मराठा तितुका मेळवावा'मधली, आशा भोसले यांनी गायलेली लावणी. ती संपते न संपते तोच नवरीच्या भावांना 2016 चं 'झिंगाट' हवं असतं. डीजेने दोन्ही गाण्यांचे फेडर अगदी एका उंचीवर ठेवलेले असतात. तरीही लावणी लांबून आल्यासारखी वाटते आणि 'झिंगाट' अंगावर येतं.

संगणकातल्या फायलीत आवाजाला कमाल मर्यादा असते. तिला शून्य डेसिबल म्हणतात आणि बाकी सगळे आकडे तिच्या खाली, उणे चिन्हाने मोजतात. जुन्या गाण्यात ढोलकीची एखादी थाप या मर्यादेजवळ जाते, पण बाकीचं गाणं तिच्या बरंच खाली राहतं. नव्या गाण्यात कॉम्प्रेसर आणि लिमिटर वापरून सगळंच मर्यादेला टेकवलेलं असतं. दोन्हींची शिखरं सारखी, सरासरी मात्र फार वेगळी; आणि कानाला जाणवते ती सरासरी. डेव्हिड रॉबिन्सन यांनी 2001 मध्ये मांडलेली 'रीप्ले गेन' पद्धत याच अडचणीवर होती: गाणं कानाला किती मोठं वाटतं हे आधी मोजायचं आणि वाजवताना तेवढं कमी-जास्त करायचं. पुढे 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने लाउडनेस मोजण्याची रीत प्रमाणित केली आणि 2010 मध्ये युरोपातल्या प्रसारकांनी तिच्यावर आधारित आर-128 ही शिफारस काढली. आज बहुतेक डीजे सॉफ्टवेअरमध्ये 'ऑटो गेन' असतो, तो याच घराण्यातला.

ऑटो गेन चालू ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र तो पूर्ण गाण्याचा हिशेब करतो. दीड मिनिटाच्या शांत आलापानंतर ढोल कोसळणारं गाणं त्याला एकंदरीत हळू वाटतं, म्हणून तो ते वर उचलतो, आणि ढोल सुरू होताच मीटरचे दिवे लाल होतात. अशा गाण्याची लेव्हल कानानेच लावावी लागते.

ती लावायची कुठे, हा खरा प्रश्न. न्यूयॉर्कमध्ये 1971 च्या सुमारास अ‍ॅलेक्स रोझनर यांनी क्लबसाठी लाल रंगाचा 'रोझी' मिक्सर बनवला, तेव्हा आवाजाचा सगळा कारभार त्या एका पेटीत होता. आता तो विभागला गेला आहे. फाईल, ऑटो गेन, ट्रिम, इक्वलायझर, चॅनल फेडर, क्रॉसफेडर, सॉफ्टवेअरमधला मास्टर, कंट्रोलरच्या पोटातलं साउंड कार्ड, कंट्रोलरवरची मास्टरची नॉब, केबल, हॉलचा मिक्सर, अ‍ॅम्प, स्पीकर. यातल्या जवळपास प्रत्येक टप्प्यावर आवाज वाढवता किंवा कमी करता येतो. पाहुण्यांपैकी कुणी ओरडलं, 'दादा, आवाज वाढव!' की हात जातो तो सर्वांत जवळच्या नॉबकडे. ती नॉब चुकीची असण्याची शक्यता फार मोठी आहे.

आवाज फाटणं ही घटना साखळीत एका विशिष्ट जागी घडते. बहुतेक डीजे सॉफ्टवेअर आतल्या आत 32-बिट फ्लोटिंग पॉइंट गणित करतात. त्यात शून्याच्या वरचे आकडेही सुरक्षित राहतात, त्यामुळे एखाद्या चॅनलवर लाल दिवा लागला तरी सॉफ्टवेअरमधला मास्टर खाली घेतल्यावर ध्वनी सहसा शाबूत बाहेर पडतो. साउंड कार्डाच्या दारात मात्र ही सवलत संपते. तिथे आकड्यांचं विजेच्या दाबात रूपांतर होतं, आणि शून्याच्या वरचं जे काही असेल ते सपाट कापलं जातं. कंट्रोलरवरची मास्टरची नॉब अनेकदा या दाराच्या पलीकडे असते. लाल दिवा बघून डीजे तीच नॉब खाली फिरवतो. आवाज लहान होतो, पण फाटलेला तो फाटलेलाच. हॉलचा साउंडवाला आपल्या मिक्सरवर काहीही करो, कापली गेलेली शिखरं परत येत नाहीत.

याची किंमत साउंडवाल्याला रोख मोजावी लागते. सपाट कापलेल्या लहरीत वरच्या पट्टीचे नवे स्वर तयार होतात आणि सरासरी शक्तीही वाढते. तो जादा भार जातो टॉपमधल्या, म्हणजे वरच्या स्पीकरमधल्या, छोट्या ड्रायव्हरवर. त्याची कॉइल बारीक असते, तापून जळते. 'डायफ्राम उडाला' असं म्हणत साउंडवाले रात्री टॉप उघडून बसतात. त्यामागे अनेकदा अ‍ॅम्पची ताकद कमी पडलेली नसते. सिग्नल आधीच फाटून आलेला असतो.

म्हणून कामं वाटून घ्यावीत. ट्रिम गाण्याची लेव्हल ठरवते आणि तिचं काम गाणं सुरू होण्यापूर्वी, हेडफोनमध्ये संपतं. क्यूचं बटण दाबल्यावर येणारा ध्वनी फेडरच्या आधीचा असतो, त्यामुळे फेडर पूर्ण खाली असला तरी चॅनलचा मीटर सहसा खरी लेव्हल दाखवतो. गाण्याचा सर्वांत भरगच्च भाग लावून बघावा, सुरुवात नव्हे. दिवे हिरव्यातून पिवळ्यात जावेत, लालपर्यंत नाही. फेडर वादनासाठी. डीजे मिक्सरवर तो सहसा पूर्ण वर असताना शून्यावर असतो, तर हॉलच्या मिक्सरवर शून्याची रेघ साधारण तीन-चतुर्थांश उंचीवर असते आणि तिच्या वर आणखी दहा डेसिबल मिळतात. दोघांच्या 'फुल्ल'चा अर्थच निराळा. त्यावरून हॉलमध्ये होणारे वाद मी कितीदा ऐकले आहेत. आणि मास्टर? तो साउंड चेकच्या वेळी लावावा आणि नंतर सोडून द्यावा.

जागा राखून ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. दोन गाणी एकमेकांत मिसळताना ध्वनींची बेरीज होते. सारख्याच लेव्हलची दोन वेगळी गाणी एकत्र वाजली की सुमारे तीन डेसिबल वाढतात, आणि दोन्हींच्या किकचे ठोके नेमके जुळले तर त्या क्षणी सहापर्यंत. बीट जितकी चांगली जुळवली, तितका धोका जास्त! अनुभवी डीजे नवं गाणं आणताना त्याचा बेस खाली ठेवतात आणि योग्य मात्रेवर जुन्याचा बेस काढून नव्याचा देतात. त्याने मिश्रण स्वच्छ होतं आणि मास्टरही लाल होत नाही.

आता कंट्रोलरकडे. नवशिक्याला गोंधळवणारी गोष्ट ही की कंट्रोलरच्या अनेक फेडरमधून ध्वनी जातच नाही. फेडर फक्त संदेश पाठवतो: 'मी आता 96 वर आहे.' ही भाषा बहुधा 1983 पासून चालत आलेली मिडी. तिच्या साध्या संदेशात 0 ते 127 असे 128 टप्पे असतात. साठ मिलिमीटरच्या फेडरवर एकेक टप्पा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. बऱ्याच कंट्रोलरमध्ये दोन संदेश जोडून 16,384 टप्पे केलेले असतात, कारण आवाज हळूहळू विरवताना ढोबळ टप्पे कानाला कळतात.

शिवाय हा संदेश एरवी जातो तो फेडर हलला तरच. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर उघडलं, तेव्हा कंट्रोलरवरचे फेडर कुठे आहेत हे त्याला कळेलच असं नाही. काही कंट्रोलर जोडल्याबरोबर सगळ्या नॉबांची स्थिती कळवतात, काही गप्प बसतात. मग पडद्यावर फेडर वर, हाताखालचा खाली. त्याला नुसतं बोट लागलं की आवाज धाडकन उडी मारतो. हे टाळायला अनेक सॉफ्टवेअरमध्ये 'सॉफ्ट टेकओव्हर' असतं. हातातला फेडर पडद्यावरच्या जागेवरून जाईपर्यंत सॉफ्टवेअर त्याच्याकडे लक्षच देत नाही. ती सोय उत्तम आहे, पण माहीत नसेल तर डीजे फेडर अर्धा वर नेतो, काही होत नाही, घाबरून तो पूर्ण वर नेतो. साधा उपाय असा की वाजवायला बसण्यापूर्वी प्रत्येक फेडर आणि प्रत्येक नॉब एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, हव्या त्या जागी आणून ठेवायची. एकाच रात्री दोन डीजे असतील तर दुसऱ्यानेही. आणि वाजवताना माउसने पडद्यावरच्या नॉबला हात लावायचा नाही.

लॅपटॉपचा स्वतःचा आवाज हीसुद्धा साखळीतली लपलेली कडी. विंडोजवर अ‍ॅसिओ ड्रायव्हर निवडला तर ध्वनी सिस्टिमच्या मिक्सरला बगल देऊन थेट साउंड कार्डाकडे जातो. नाहीतर कुणीतरी निम्म्यावर आणलेली सिस्टिमची लेव्हल डीजेला कळत नाही, आणि तो ती कमतरता ट्रिम वाढवून भरून काढत बसतो. सिस्टिमच्या सूचनांचे आवाज कंट्रोलरकडे जाऊ देऊ नयेत. ऐन वरातीत ईमेल आल्याची टिंग भल्यामोठ्या स्पीकरमधून कुणालाच नको असते.

कंट्रोलरच्या मागे साधारणपणे दोन प्रकारचे आउटपुट असतात. आरसीए हा घरगुती पातळीचा, त्याचं नाममात्र मूल्य सुमारे 0.32 व्होल्ट, एक्सएलआर व्यावसायिक, सुमारे 1.23 व्होल्ट. फरक जवळपास बारा डेसिबलचा. जिथे एक्सएलआर आहे तिथे तोच वापरावा, लांब केबलमध्ये गुणगुणही कमी येते. हॉलच्या मिक्सरवर तो लाइन इनपुटला जोडावा. माइकच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये घातला तर कंट्रोलर व्यवस्थित असूनही सगळं तिथे फाटतं आणि दोष डीजेवर येतो.

साखळीच्या शेवटी हॉल आणि शेजार. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल ही मर्यादा आहे. मोजमाप 'ए' भारांकनाने होतं, आणि ते 50 हर्ट्झच्या आवाजाला सुमारे तीस डेसिबल वजा करून मोजतं. म्हणून हॉलबाहेर मीटर शांत दिसत असताना समोरच्या इमारतीच्या खिडक्या थरथरतात. खालचे स्वर भिंतींतून सहज पार होतात. 'आवाज कमी करा' असा निरोप आला की माझा आग्रह असतो की आधी साउंडवाल्याने सब-बेस चार-सहा डेसिबल उतरवावा. शेजाऱ्यांना फरक लगेच जाणवतो, नाचणाऱ्यांना शब्द आणि ताल अजून ऐकू येतात, आणि डीजेला आपल्या एकाही नॉबला हात लावावा लागत नाही.