पहिल्या गाण्यावरचं नाव

हाले या गावाचं नाव तुम्ही ऐकलं नसेल तर हरकत नाही. जर्मनीतल्या मराठी मंडळींनाही मला 'लाइपझिगच्या जवळ' असंच सांगावं लागतं. इथल्या एका प्रयोगशाळेत मी पॉलिमरच्या पातळ फिल्म बनवते. पीएचडीनंतरची ही दुसरी नोकरी, पहिलीसारखीच मुदतीची. आमच्या खोलीत एक जपानी सहकारी आहे. उपकरणातली हवा काढून टाकायला दोन-दोन तास लागतात, तेवढ्या वेळात तो जुनी जपानी गाणी लावतो. त्याच्याकडे एक खास यादी आहे : ऐंशीच्या दशकातल्या गायिकांची फक्त पहिली गाणी. मात्सुदा सेइको, १ एप्रिल १९८०. नाकामोरी आकिना, १ मे १९८२. आपण घरच्यांच्या जन्मतारखा सांगतो तशा तो या तारखा सांगतो. १९८२ मध्ये इतक्या जणी एकदम पुढे आल्या की तिकडे त्या वर्षाला 'फुलांची तुकडी' असं काहीसं नाव पडलंय म्हणे.

एकदा त्यानं विचारलं, "तुमच्याकडे कुणाचं पहिलं गाणं लोकांना आठवतं?"

मी अर्थातच लताबाईंचं नाव घेतलं आणि लगेच अडकले. कारण गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. १९४२ साली 'किती हसाल' या मराठी चित्रपटासाठी त्यांनी पहिलं गाणं गायलं, तेव्हा त्यांना तेरावं वर्ष चालू होतं. मुलीनं सिनेमासाठी गावं हे मास्टर दीनानाथांना रुचलं नाही आणि ते गाणं चित्रपटातून गळलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दीनानाथ गेले, आणि त्याच मुलीला घर चालवण्यासाठी 'पहिली मंगळागौर'मध्ये गावंही लागलं आणि कामही करावं लागलं. म्हणजे आपल्या सगळ्यांत मोठ्या गायिकेचं पहिलं गाणं पडद्यावर कुणी ऐकलंच नाही. सहकाऱ्यानं पेन हातात धरून ठेवलं होतं. यादीत काय लिहायचं ते त्याला कळेना.

आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाई हे सगळं ऐकत होत्या. साठीला आलेल्या, याच भागात वाढलेल्या. त्या म्हणाल्या, "मग आमची नीनापण लिही."

नीना हागेनची मला तोंडओळख होती, तीही अँगेला मेर्केलमुळे. २ डिसेंबर २०२१ ला मेर्केलबाईंना बर्लिनमध्ये लष्करी मानवंदना देऊन निरोप दिला गेला. मी तेव्हा नुकतीच या देशात आले होते आणि भाषा कानावर पडावी म्हणून टीव्ही चालू ठेवायचे. मशालींच्या उजेडात शिरस्त्राणं घातलेले सैनिक उभे, आणि बँडवर वाजतंय ते एक खट्याळ पॉप गाणं. मेर्केलबाईंनी ते स्वतः निवडलं होतं. माझ्या तरुणपणातला तो एक आनंदाचा क्षण होता, असं कारणही त्यांनी दिलं होतं.

गाणं १९७४ चं, पूर्व जर्मनीतलं. ऑटोमोबिल नावाचा बँड, चाल मिखाएल हॉयबाखची, शब्द कुर्ट डेमलरचे. गाणारी एकोणीस वर्षांची नीना. याच गाण्यानं ती पहिल्यांदा घरोघरी पोचली. विषय अगदी साधा. एक मुलगी मित्राबरोबर हिडन्झे बेटावर सुट्टीला जाते आणि हा मिखाएल रंगीत फिल्म घरी विसरून आलेला असतो. आता सगळे फोटो काळेपांढरे येणार, इथं किती सुंदर होतं यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून ती त्याच्यावर चिडते. रंग हरवलेल्या फोटोंत लोकांनी आपला राखाडी देश ओळखला, असं पुष्कळ जण म्हणतात. तंत्रज्ञ बाईंना हे फारसं पटत नाही. "आम्ही नाचायचो त्यावर," त्या म्हणाल्या. "आणि फिल्म तर माझी आईच करायची."

हे खरं होतं. हालेपासून थोड्याच अंतरावर वोल्फेन आहे. तिथल्या आग्फाच्या कारखान्यात १९३६ मध्ये रंगीत फिल्म तयार झाली. रंग घडवणारी रसायनं फिल्मच्या थरांतच बांधून ठेवायची, म्हणजे एकाच धुण्यात तिन्ही रंग उमटतात, ही तिची युक्ती. माझ्या धंद्यातल्या माणसाला आजही हात जोडावेसे वाटतील अशी. युद्धानंतर कारखाना पूर्वेत गेला आणि १९६४ पासून त्याच्या मालावर 'ओर्वो' हे नाव आलं. आता तिथं संग्रहालय आहे, यंत्रं जागच्या जागी. बाईंच्या आईनं त्या अंधाऱ्या खोल्यांत वर्षानुवर्षं पाळ्या केल्या. रंगीत फिल्म बनवायची, पण काम पूर्ण काळोखात.

त्या रात्री घरी नीनाबद्दल वाचत बसले. जन्म ११ मार्च १९५५, पूर्व बर्लिन. आजोबा ज्यू, १९४२ मध्ये झाक्सनहाउझनच्या छळछावणीत मारले गेलेले. वाचता वाचता दुसऱ्या एका गायिकेचं नाव आलं, मारिआना रोझेनबेर्ग. जन्म १० मार्च १९५५, पश्चिम बर्लिन. दोघींमध्ये एका दिवसाचं अंतर, आणि सहा वर्षांच्या झाल्यावर मध्ये भिंत.

तुम्ही जर्मनीत एखाद्या लग्नाला गेला असाल तर मारिआनाचं १९७५ चं एक गाणं तुम्ही नक्की ऐकलंय. थोडी चढल्यावर सगळे हात वर करून गातात ते. पण तिचं पहिलं गाणं १९७० चं, पॉल मॅकार्टनीवर. शाळकरी वयात एका स्पर्धेत ती पहिली आली आणि रेकॉर्ड निघाली. गाणं गोड आहे, फार काही नाही. मी ते चार वेळा ऐकलं ते दुसऱ्याच कारणानं.

मारिआना सिंटी आहे. सिंटी म्हणजे शेकडो वर्षं जर्मनीत राहणारे रोमा लोक. त्यांची भाषा मुळात आपल्याकडची. रोमानीत पाण्याला पाणीच म्हणतात, कानाला कान. १९३६ च्या ऑलिंपिकच्या आधी बर्लिनमधल्या सिंटी आणि रोमा कुटुंबांना शहराच्या कडेला मार्त्सानच्या छावणीत हलवलं गेलं. मारिआनाचे वडील ओटो तेव्हा नऊ वर्षांचे होते. पुढे आउशवित्स. ते वाचले, त्यांची बहुतेक भावंडं वाचली नाहीत. या मुलीची रेकॉर्ड निघाली तेव्हा वडिलांची इच्छा एकच होती, आपण कोण आहोत हे बाहेर कळता कामा नये. तिनं ते पुढे कितीतरी वर्षं सांगितलं नाही. तुम्ही म्हणाल, १९७० मध्ये कसली भीती? तर सिंटी आणि रोमांचा वंशसंहार झाला हे जर्मन सरकारनं अधिकृतपणे मान्य केलं ते १९८२ मध्ये. म्हणजे मारिआना बारा वर्षं रंगीत कपड्यांत टीव्हीवर गात होती आणि तिच्या घरावर काय गुदरलं ते तोवर सरकारदरबारी घडलेलंच नव्हतं. ओटोंनी स्वतःची कहाणी पुस्तकात सांगितली तेव्हा १९९५ साल उजाडलं होतं.

हे सगळं मी रविवारी आईला फोनवर सांगत होते. आई सांगलीला असते. तिला माझ्या संशोधनात रस नाही, पण गाण्याचं काही असलं की ऐकते. मी म्हटलं, "बघ ना, पोरगी सगळ्यांसमोर गाते पण आपण कोण ते सांगायची सोय नाही." आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी पण गायले होते की रेडिओवर."

चौतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आई स्वयंपाक करताना गुणगुणते, मंगळागौरीला तिला पुढे बसवतात, एवढंच मला ठाऊक होतं.

१९८१ ची गोष्ट. आई कॉलेजात. सांगली आकाशवाणीच्या युववाणी कार्यक्रमात एक भावगीत. आबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, विचारायची छाती नव्हती. घरात तिच्या लग्नाचं बघणं चालू होतं. रेडिओवर गाणारी मुलगी म्हटल्यावर स्थळं काय म्हणतील, हा प्रश्न. मग आजीनंच मार्ग काढला. आईनं मामेबहिणीचं नाव आणि मामाचा पत्ता लिहून दिला. गाणं लागलं. मानधनाचा चेकही मामेबहिणीच्या नावानं मामाच्या घरी गेला आणि तिनं त्याच्या बांगड्या भरल्या. "मला दोन डझन दिल्यान् हो," आई म्हणाली. आमची ती मावशी मूळची रत्नागिरीकडची, तिचा उल्लेख आला की आईची भाषाही तिच्यासारखी होते.

"आणि आबा?"

"आबा रोज बातम्या संपल्या की रेडिओ बंद करायचे. त्या दिवशी केला नाही."

"म्हणजे त्यांना माहीत होतं?"

"काय माहीत. गाणं संपल्यावर उठून चपला घालून बाहेर गेले. कुणी काही बोललं नाही." पुढच्या मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. दुसरं गाणं नाही.

मी तिला फार टोचलं. मग का नाही गायलीस, बाबांनी अडवलं का, निदान मला तरी सांगायचंस. ती वैतागली. "अगं, अडवलं कुणी नाही. राहून गेलं." मला राग आला, कुणाचा ते अजून ठरवता येत नाहीये. आजीनं आईला रेडिओपर्यंत पोचवलं आणि त्याच हातानं तिचं नाव पुसलं. ओटोंनीही मुलीला गाऊ दिलंच की. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही हे मला कळतं. एका घरात माणसं मारली गेली होती, दुसऱ्या घरात फार तर एखादं स्थळ मोडलं असतं. तरी ती दोन घरं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसली आहेत.

जपानी सहकाऱ्याला मी सांगितलं. त्यानं यादीत नवीन ओळ घातली : सांगली, १९८१. मग गायिकेचं नाव विचारलं. मी आईचं सांगितलं, मग मामेबहिणीचं, आणि दोन्ही लिहायला लावली.

गाणं कुठलं होतं ते आई सांगत नाही. मी मागे लागले तेव्हा परवा तिनं व्हॉइस मेसेज पाठवला, चाळीस सेकंदांचा. मागे कुकरची शिट्टी. मला वाटलं आता गाणार. पण तिनं घसा साफ केला आणि निवेदिकेच्या आवाजात, अगदी सावकाश, 'आता ऐकू या भावगीत, गायिका आहेत...' असं म्हणून मामेबहिणीचं पूर्ण नाव घेतलं. मग तिला हसू आवरेना, आणि मेसेज तिथंच संपला.