न बुजवलेल्या जागा

नावे पुसून टाकलेला नकाशा समोर धरला, तर आपल्यापैकी किती जणांना जगातली शहरे ओळखता येतील? अलीकडे मुलांचा हाच एक खेळ झाला आहे. पडद्यावर उपग्रहाने टिपलेले एखाद्या शहराचे चित्र येते. त्यावर ना रस्त्याचे नाव, ना देशाचे. ते न्याहाळायचे आणि जगाच्या नकाशावर त्याची जागा दाखवायची. जितके जवळ, तितके गुण अधिक. अशा खेळांतला सर्वांत प्रसिद्ध 'जिओगेसर' 2013 साली स्वीडनच्या अँटोन वॉलेन यांनी सुरू केला. तो मुख्यतः रस्त्यावरच्या छायाचित्रांवर चालतो. भंडारा जिल्ह्यातील चिखला येथे मॅंगनीज खाणीच्या वसाहतीत मी जातो, तेव्हा तिथली मुले मला दाखवतात तो खेळ मात्र आकाशातून पाहण्याचा आहे.

प्रारंभी मला ही वेळ घालवण्याची नवी युक्ती वाटली. परंतु मुलांचे तर्क ऐकत बसलो आणि ते मत मागे पडले. एका मुलाने मला सावल्या पाहायला शिकवले. पृथ्वीची चित्रे घेणारे बहुतेक उपग्रह त्या त्या ठिकाणच्या सकाळी साडेदहाच्या सुमारास माथ्यावरून जातात. त्यामुळे उंच इमारतींच्या सावल्या उत्तर गोलार्धात बहुधा वायव्येकडे आणि दक्षिण गोलार्धात नैर्ऋत्येकडे पडतात. सावली पाहिली की अर्धे जग बाद! बार्सिलोना तर चटकन कळते. सेर्दा यांच्या 1859 च्या आराखड्यातले ते कोपरे छाटलेले चौकोन दुसरीकडे सहसा आढळत नाहीत. इटलीतले पाल्मानोव्हा म्हणजे नऊ टोकांचा तारा. रोमसाठी मुलांना विचार करावा लागत नाही. बेर्निनी यांनी सतराव्या शतकात बांधलेला संत पेत्र महामंदिरापुढचा लंबवर्तुळाकार चौक ती पाहताक्षणी दाखवतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात हीच मुले इतकी तत्पर असती, तर काय हवे होते!

आराखडा आखून वसवलेली शहरे मात्र जगात थोडीच. आपली बहुतेक शहरे वाढत गेली, आखली गेली नाहीत. ती मुले कशी ओळखतात, हे लक्षपूर्वक पाहिल्यावर एक गोष्ट मनात ठसली. इमारतींवरून शहर जवळजवळ कधीच ओळखू येत नाही. वरून पाहिले तर सिमेंटची छपरे सगळीकडे सारखीच करडी. ओळख पटते ती जिथे माणसाने काही बांधले नाही, अथवा त्याला बांधता आले नाही, अशा जागांवरून. हैदराबाद हुसेनसागरावरून, भोपाळ मोठ्या तलावावरून, पुणे मुळा-मुठेच्या संगमावरून. नागपूर आले की एकच गलका होतो : "फादर, अंबाझरी! हे तर आपलं नागपूर होय!" पश्चिमेला अंबाझरी, वर फुटाळा, त्याहून वर गोरेवाडा. ही तीन पाणी झाकली, तर नागपूर कोणते हे नागपूरकरालाही सांगता यायचे नाही. सप्टेंबर 2023 मध्ये हाच अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पहाटे पाणी शिरले. पाणी आपली जागा विसरत नाही, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे म्हणतात.

मुंबईने समुद्र बुजवून सात बेटांचे एक शहर केले. वरळीच्या खिंडीला अठराव्या शतकात बांध पडला आणि मागून भरावांवर भराव पडत गेले. तरी ती ओळखू येते. उत्तरेचे राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या कुशीतले तुळशी व विहार, खाली पवई, माहीमची खाडी आणि बॅकबेची कमान : शहराने गिळले नाही, तेवढ्यावर त्याचा चेहरा टिकून आहे.

त्याच पडद्यावर मी एकदा स्वतःहून वसई काढली. माझे मूळ गाव तिथल्या समुद्राकाठच्या पट्ट्यात. किल्ल्याची बुरूजबंद आकृती तत्काळ दिसली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला, तेव्हाही ती अशीच असणार. किल्ल्याच्या उत्तरेला किनाऱ्यालगत हिरवी पट्टी, त्यात वाड्या, बावखले, चर्चची आवारे. तिच्या पूर्वेला रेल्वेकडे सरकत जाणारा करडा रंग. जुन्या वर्षांची चित्रे एकामागून एक लावून पाहण्याची सोय आहे. ती मी लावली आणि करडा रंग पश्चिमेला सरकताना पाहिला. 'हरित वसई'साठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी उभे राहिले, तेव्हा त्यांच्याकडे अशी चित्रे नव्हती. पायाखाली दिसले, त्यावरून ते बोलले. जुलै 2018 मध्ये वसईत पाणी कित्येक दिवस उतरले नाही, त्या दिवसांत मला फोनवर आमच्या घरची माणसे एकच सांगत होती : बावखल बुजले, आता ते पाणी जाणार कुठे? शेजारच्या मुलाने पडद्याकडे पाहून विचारले, "हे कोणतं शहर होय, फादर?" मी नाव सांगितले. "मुंबईच वाटते," तो म्हणाला.

आमच्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, ते वरून पाहिल्यावरच पुरते उमगते. हिवाळ्याच्या आरंभीच्या चित्रात धानाच्या बांध्यांमधून पाण्याचे शेकडो तुकडे चमकतात. एका बाजूला कमानीसारखी पाळ, दुसऱ्या बाजूला उताराप्रमाणे पसरलेली पाण्याची बोटे. कोहळी समाजाच्या माणसांनी गोंड राजवटीपासून बांधलेले हे तलाव. मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली आणि ते 'माजी मालगुजारी' झाले. लोकांनी त्याचे लाडके रूप केले, मामा तलाव. मालक गेला, सरकार लांब. पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले, काहींच्या पोटात शेते शिरली. बोडी बुजली, तर पंचनामा कोण करणार?

चिखला खाण मात्र या खेळात कोणाच्या हाती लागत नाही. जवळच्या डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे. तिचा प्रचंड खड्डा आकाशातून जखमेसारखा दिसतो. चिखल्याचे मुख्य काम भूमीच्या आत चालते. वर थोडी छपरे, मातीचे ढीग आणि जंगल. खाणीत काम करणाऱ्या एका गृहस्थांना मी बुजवण्याची ही सगळी तक्रार ऐकवली. ते हसले. म्हणाले, "आमचं उलटं आहे जी. खनिज काढलं की पोकळी राहते. ती वाळूनं भरली नाही, तर वरचं खाली येईल. भराई झाली म्हणजे आम्ही बिनघोर." पाण्याबरोबर वाळू नळांतून खाली सोडतात, पाणी निथळते, वाळू घट्ट बसते आणि तिच्यावर उभे राहून पुढचा थर काढतात, हे त्यांनी मला हाताने पातळ्या दाखवत समजावले.

त्यांच्या मुलाने तोवर चिखल्याचे चित्र काढले होते. त्यांनी चष्मा लावला, वसाहत शोधली, आपले घर शोधले. मग बोट सरकवत झाडांच्या गर्द हिरव्या डागावर ठेवले. "आणि मी इथं असतो. याच्या खाली."

मुलाने चित्र मोठे केले. झाडेच मोठी झाली.